विहिरींची चव

आमच्या घरात रंग पाहून करायचं एकही काम माझ्या वाट्याला येत नसे, आणि हे माझ्या ध्यानात यायला अठरा वर्षं लागली. भुईगावात, समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीच्या टोकाला आमची वाडी. सकाळ व्हायची ती फुलं तोडण्यानं. आई आणि माझी धाकटी बहीण कुंदा जास्वंदीच्या कळ्या काढायला जायच्या आणि मला आई पाटाचं पाणी फिरवायला धाडायची. दुपारी ओटीवर विड्याची पानं निवडायला बसलं की पिवळी पडू लागलेली पानं ती स्वतः बाजूला काढी आणि निवडलेली माझ्यापुढे सारून म्हणे, "तू मोज नि बांध." मिरच्या खुडायच्या निघाल्या की "तुझे हात पोळतील" म्हणून मला उठवी आणि केळफूल सोलायला बसवी. केळफुलाच्या एकेका फुलातला ताठ दांडा आणि पापुद्रा काढणं हे किचकट काम, पण ते मी घरात सगळ्यांत भरभर करायचो. केळी पिकली की नाही हे मी दाबून आणि वास घेऊन सांगायचो. ते पाहून दादा, म्हणजे माझे वडील, कौतुकानं म्हणत, "याला डोळे लागतच नाहीत." मला वाटे, आई माझे लाड करते. शेजारणींनाही तसंच वाटायचं.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. सकाळी डिझेलच्या पंपाची फटफट सुरू झाली की मागोमाग दादांचा खोकला. पंप थांबला की केळीच्या पानांची सळसळ एकदम मोठी वाटायची, जणू इतका वेळ ती दबा धरून बसली होती. बारा वाजता चर्चची आंजेलसची घंटा व्हायची. आम्ही हिंदू, पण आईचा भात त्या घंटेवर चुलीवरून उतरायचा. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या बाया हातातलं काम थांबवून प्रार्थना म्हणत, तेवढ्यात आई पेज काढून घेई. उन्हाळ्यात राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घातलेली असत. त्यांची सुकेळी होईस्तोवर अंगणाला मधासारखा, किंचित आंबूस वास यायचा आणि माशा हाकलायला कुणाला तरी बसावं लागायचं. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. ती इथे लिहीत नाही. माझ्या मुलांनाच ती धड कळत नाही, तर वाचणाऱ्याला कुठून कळावी? पण लिहिताना ही सगळी माणसं माझ्या कानात त्याच बोलीत बोलतात आणि मी ते शाळेच्या मराठीत उतरवून घेतो. त्यात बरंच काही सांडतं.

आठवीत असताना हायस्कुलात एक नवे सर आले. माणूस चांगला, तळमळीचा. त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला पुठ्ठ्याचा तुकडा दिला आणि त्यावर आपलं ध्येय लिहायला लावलं. खाली कितव्या वर्षी कुठवर पोचणार तेही लिहायचं, आणि तो पुठ्ठा रोज सकाळी मोठ्यानं वाचायचा. मी लिहिलं, 'बोटीवर कॅप्टन'. का, ते नीट सांगता येणार नाही. गावातला एक जण बोटीवर नोकरीला होता, तो आला की गल्लीभर परदेशी साबणाचा वास यायचा. आणि किनाऱ्यावरून कधीकधी क्षितिजावर बोट दिसायची. ती हलताना दिसत नसे, पण पुन्हा पाहावं तर सरकलेली असे. मी पुठ्ठा कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. अठराव्या वर्षी प्रवेश, बाविसाव्या वर्षी अधिकारी, पस्तिसाव्या वर्षी कॅप्टन. चार वर्षं रोज तो वाचला. दोराच्या गाठी शिकलो, ताऱ्यांची नावं पाठ केली. क्रिकेट सोडलं, गावातल्या लग्नांना जाणं सोडलं, कारण त्याचा पुठ्ठ्यावरच्या गोष्टीशी संबंध नव्हता. दादांनी ज्याला त्याला सांगून ठेवलं. लेखी परीक्षा पास झालो, मुलाखत झाली, तेव्हा आगाशीच्या शिंप्याकडून त्यांनी मला पांढरी पँट शिवून आणली. आत्ता का, असं आईनं विचारलं, तर म्हणाले, "अंगाला सवय होऊ दे."

राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. ती मुंबईला होती आणि दादा बरोबर आले, लग्नकार्यात घालायचा कोट घालून. वजन, उंची, छाती, दात सगळं ठीक झालं. मग डॉक्टरांनी एक जाडसर पुस्तक माझ्यापुढे उघडलं. पानावर वाटोळा आकार आणि त्यात लहानमोठे ठिपके.

"आकडा वाच."

पहिल्या पानावरचा बारा मी वाचला. दुसऱ्या पानावर अडलो. "कुठला आकडा?"

त्यांनी पान उलटलं. मग आणखी एक. मी पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं. पहिल्या पानावरचा आकडा दिसला होता, तो तेवढाच. बाकी सगळे ठिपके. माझ्या मागे खुर्चीवर बसलेले दादा अवघडून पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "अरे, आठ आहे ना तो." त्यांना दिसत होता. दारात उभ्या असलेल्या शिपायालाही दिसत असणार.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, "समोरून येणाऱ्या बोटीचा दिवा तांबडा की हिरवा, हे तुला कसं कळणार?"

"डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा," मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"ते पुस्तकात. समुद्रात कधीकधी एकच दिवा दिसतो. तो कुठला, ते तुला सांगता आलं पाहिजे."

दादांनी विचारलं, "औषध काय घ्यायचं याला?"

"औषध नाही. हा आजारच नाही, जन्मापासून असतं. मुलग्यांना हे आईकडून येतं. याच्या आईच्या माहेरी कुणाला होतं का, विचारून बघा. याच्या मामाला वगैरे."

सगळं मिळून दहा मिनिटं झाली असतील. बाहेर आल्यावर दादांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही. समोरच्या दुकानाची पाटी दाखवून म्हणाले, "ती कुठल्या रंगाची दिसते तुला?" मी म्हणालो, "तांबडी." त्यांनी मान हलवली. बरोबर होतं की चूक, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आजतागायत मला ते ठाऊक नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आईनं अंगणात उकडहंडी लावली होती. कंद, शेंगा, वांगी मडक्यात भरून, वर पाला दाबून, बाजूनं आच दिलेली. ती नेहमी पाहुणे असले की करायची. त्या दिवशी मीच पाहुणा होतो. माझं तोंड पाहून तिनं काही विचारलं नाही. दादांनीच कोट काढता काढता सांगितलं, "याला रंग दिसत नाहीत म्हणे." आई मडक्याशी बसली होती. ती म्हणाली, "जनूचंही असंच होतं."

जनू म्हणजे तिचा भाऊ. तो लहान वयातच तापानं गेलेला, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिनं ते इतक्या सहज म्हटलं की मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी म्हणालो, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"तू तीन-चार वर्षांचा असताना पिकल्या मिरच्या सोडून कच्च्या तोडून आणल्यास. तेव्हा कळलं."

"आणि गप्प बसलीस? रोज मी तो पुठ्ठा वाचत होतो, तू ऐकत होतीस."

"जनूला मास्तर मारायचे. मुद्दाम करतो म्हणायचे. पोरं चिडवायची. तुझं तसं व्हायला नको होतं मला." मग म्हणाली, "बोटीवर रंग बघतात, हे मला रे काय ठाऊक?"

हे अगदी खरं होतं. वाडीबाहेर तिचं जग म्हणजे माहेर, देऊळ आणि बाजार. पण मी अठरा वर्षांचा होतो आणि माझी चार वर्षं दहा मिनिटांत संपली होती. मी म्हणालो, "हे तुझ्याकडून आलंय. डॉक्टर म्हणाले. तुझ्यामुळे झालंय हे." आणि तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "तुझ्या घरचं आहे हे, आमच्या नाही."

कुंदा रडायला लागली. दादांनी माझ्या कानाखाली मारायला हवी होती. त्यांनी मारली नाही, ते पाय धुवायला विहिरीवर गेले. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मला कळला आणि आईलाही कळला. तिनं मडकं उतरवलं, पाला बाजूला केला, वाफ गेली. सगळ्यांची पानं वाढली. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फुलं आणि पानं निवडायला मागच्या पडवीत बसू लागली, माझ्या नजरेआड. मला तिनं कुठलंच काम सांगायचं बंद केलं. इतकी वर्षं ती माझ्याभोवती जे काही करत होती, ते मला आत्ता कुठे दिसलं होतं, आणि दिसलं त्याच दिवशी ते थांबलं.

पुढचं दीड वर्ष मी नव्यानव्या ध्येयांत काढलं. बोट नाही तर बँक. बँक नाही तर सी. ए. मग काही दिवस लष्कर, पण तिथेही ते पुस्तक दाखवतात असं कळलं. प्रत्येक वेळी नवा पुठ्ठा लिहायचो, वर्षं मांडायचो, आणि पंधरा-वीस दिवसांत तो पाहवत नसे. कारण खरी अडचण अशी होती, की पस्तिसाव्या वर्षी मी कोण असेन हे ठरवण्यात मी इतका तरबेज झालो होतो, की आज दुपारी काय करायचं हे मला ठरवता येत नव्हतं. खोलीत पडून राहायचो. पंप सुरू झाला, बंद झाला, घंटा झाली, एवढं ऐकायचो.

शेवटी दादांच्या ओळखीनं सातिवलीला एका लहानशा कारखान्यात लागलो. विजेच्या पेट्या बनवायचे, त्यात वायरी जोडायच्या. वायरी रंगानं ओळखायच्या हे पहिल्याच दिवशी कळलं, आणि मी बोललो नाही. आईसारखंच केलं. शेजारी बसणाऱ्या बाई, सगळे त्यांना निर्मलाताई म्हणत, कुठली वायर आधी उचलतात ते पाहून मी त्या जागेवरून ओळखायचो. पाच आठवडे निभावलं. एक दिवस कुणीतरी वायरींची भेंडोळी हलवून ठेवली. मी जोडलेली पेटी निर्मलाताईंनी तपासायला लावली तेव्हा ठिणग्या उडून आवाज झाला आणि त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. त्यांना रिक्षातून नेलं. मालक ओरडत होता, "कुणी जोडली ही?" मी सांगितलं, मी जोडली. का चुकली, ते सांगितलं नाही. डबा घेऊन निघून आलो. महिन्यानं त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या डाव्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करत होत्या. म्हणाल्या, "नवा होतास तू, होतं असं." तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर मी तुला वायरी काढून दिल्या असत्या ना रे."

आता मी बोळिंजला मुलाकडे, चौथ्या मजल्यावर राहतो. नात दहावीत आहे. तिच्या भिंतीवरही एक तक्ता आहे, छापील, मॅग्नेट लावलेला. परवा तिनं विचारलं, "आजोबा, तुमचं ड्रीम काय होतं? आणि मग ते अचीव्ह झालं का?" मी म्हणालो, "नाही झालं." ती म्हणाली, "सो सॅड." मग तिनं मोबाइल घेतला. मला तिला बरंच सांगायचं होतं, पण ते एका वाक्यात बसणारं नव्हतं, आणि तिचा क्लास होता.

कारखाना सुटल्यावर मी पुन्हा घरात पडून होतो. इनासकाका आमच्या गावचे पंपवाले. ख्रिस्ती, पन्नाशीचे, सायकलच्या हँडलला पान्यांची पिशवी अडकवून वाड्या-वाड्यांतून फिरायचे. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर आई चर्चच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं त्यांना विचारलं, माझ्या मुलाला बरोबर न्याल का. हे मला कुंदानं सांगितलं. मला राग आला, पण घरात पडून राहण्याचाही कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी ते फाटकात आले आणि सायकलवरूनच म्हणाले, "येतो का रे? एकट्यानं पाइप उचलत नाय मला." मी गेलो.

काम साधं होतं. विहिरीत उतरायचं, पंपाचा पाइप वर घ्यायचा, तळाशी बसवलेला फुटव्हॉल्व्ह साफ करायचा, वायसर बदलायचा. रंगाचं त्यात काही नव्हतं. इनासकाकांची एक सवय होती. काम झालं, पाणी आलं, की पहिली ओंजळ तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची. मग मालकाला सांगायचं, "गोड हाय," किंवा, "मचूळ लागतंय, जपा." मीही घ्यायला लागलो. थोड्याच दिवसांत आमच्या लक्षात आलं, की त्यांच्या जिभेला लागायच्या कितीतरी आधी मला मीठ लागतं. ज्या विहिरीला ते गोड म्हणत, तिथेही मला घशाशी काहीतरी राहिल्यासारखं होई, आणि चार-सहा महिन्यांनी ती विहीर फिरलेली, म्हणजे खारी झालेली असे. स्टेशनकडे तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या. टँकर दिवसभर वाड्यांतलं पाणी ओढून नेत होते. विहिरी खाली गेल्या की समुद्र आत सरकायचा. त्याचा आवाज येत नव्हता, दिसतही नव्हता. फक्त चव बदलायची.

एकदा एका बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठी भाकरी खात बसलो होतो. इनासकाकांच्या डब्यात सुक्या बोंबलांचं कालवण होतं, त्यातलं अर्धं त्यांनी मला दिलं. मी विचारलं, "काका, तुमचं काय ठरलं होतं? लहानपणी?"

"मला पाद्री करायचं होतं माझ्या आईला. सेमिनरीत धाडला. दीड वरसात परत आलो, रडू यायचं तिथं. मग दोन-तीन वरसं हे बघ, ते बघ. एकदा बापाच्या विहिरीत पाइप अडकला, उतरलो. बरं वाटलं."

"मग?"

"मग काय? दुसऱ्याच्या विहिरीत अडकला."

"म्हणजे कुठे पोचायचं ते काहीच ठरवलं नाही?"

त्यांनी बोंबलाचा काटा काढून बाजूला ठेवला. "पोचायचं कुठं? विहिरीकडे तोंड करून निघायचं एवढं ठरवलं. कुठली विहीर, ते फाटकाशी मानूस येतो तेव्हा कळतं."

हे ऐकून माझे डोळे उघडले वगैरे काही झालं नाही. मला वाटलं, न शिकलेला माणूस, मनाची समजूत घालतोय. पण घरी आल्यावर मी वहीत लिहिलं, आज कुठल्या विहिरीवर गेलो आणि पाणी कसं लागलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. ते पुठ्ठ्यासारखं वाचायचं नव्हतं, फक्त लिहायचं होतं. कितव्या वर्षी काय, असा प्रश्न त्यात नव्हता. वर्षभरानं वही भरली तेव्हा मला कुठल्या गल्लीपर्यंत मीठ आलंय ते सांगता येऊ लागलं. पुढे सरकारी पाणी तपासणीत नमुने गोळा करायची नोकरी मिळाली, ती याच वह्या पाहून. तिथे बाटलीत औषध टाकून रंग बदलतो तो पाहायचा असे. पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं, मला तो कळत नाही. ते म्हणाले, मग तुम्ही बाहेरचं काम बघा. तेच केलं, निवृत्त होईपर्यंत. कॅप्टन झालो असतो तर इतका चाललो नसतो.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, होळीच्या सुमारास, एका सकाळी मी आमच्याच विहिरीचं पाणी चूळ भरायला घेतलं आणि तसाच उभा राहिलो. पुन्हा घेतलं. मग दादांकडे गेलो. ते पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या पानवेली बांधत होते.

"दादा, पाणी फिरतंय. वेलींना देऊ नका. बावखलातलं द्या, थोडं लागलं तरी चालेल."

त्यांनी हातातली गाठ पुरी केली. म्हणाले, "वेली बघ. आहे का एक पान वाईट?"

"पानावर यायला वेळ लागेल."

"ज्याला हिरवं-पिवळं कळत नाही, त्यानं मला वाडी शिकवू नये."

आई दोन वेलींपलीकडे होती. तिनं ऐकलं. त्या दिवसापासून मागच्या दारच्या वेलींना ती कळशीनं बावखलाचं पाणी घालू लागली, दिवसातून वीस-वीस खेपा. मी कळशी घ्यायला गेलो तर देत नसे. वैशाखात पुढच्या वेलींची पानं कडेनं जळाली. ते मलाही दिसलं, कारण जळलेलं पान चुरगळतं. आषाढ लागेपर्यंत त्या रांगा उपटाव्या लागल्या. मागच्या दारच्या वेली वर्षभर टिकल्या. मग बावखलही फिरलं. दादांनी मला एकदाही म्हटलं नाही, की तू सांगितलं होतंस. मीही त्यांना म्हटलं नाही. आम्ही एकमेकांसमोरून जायचो.

त्या वेलींबरोबरच आई खंगत गेली असं कुंदा म्हणते. मला ते पटत नाही. तिला पोटाचा आजार होता आणि तो आधीपासून असणार. इस्पितळातून घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं. मी कामावरून लवकर येऊन तिच्याजवळ बसायचो. त्या दिवशी मी जे बोललो होतो ते परत घ्यायचं होतं, चार वर्षं होत आली होती. रोज ठरवायचो आणि रोज इनासकाकांच्या गोष्टी सांगून उठायचो. एका दुपारी कुंदा बाहेर गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी म्हणालो, "आई, मुंबईहून आलो त्या दिवशी मी तुला जे बोललो..."

"कुठल्या दिवशी?" ती म्हणाली.

मी सांगायला लागलो. उकडहंडी केली होतीस, दादांनी कोट काढला, वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला नाही आठवत." आणि कूस बदलली. तिला खरंच आठवत नव्हतं, की मला पुढचं बोलू द्यायचं नव्हतं, हे मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंनी विचार करून झाला आहे. थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं. आमच्याकडे तेव्हा पिण्याचं पाणी इनासकाकांच्या घरून यायचं. मी दिलं. एक घोट घेऊन ती म्हणाली, "हे आपलं नाही. आपलं दे."

"आपलं खारट झालंय, आई."

"असू दे."

मी विहिरीवर जाऊन तांब्या भरून आणला. ती उठून बसली, तोंड वाकडं न करता अर्धा तांब्या प्याली आणि म्हणाली, "एवढं काही नाही हं. गोडच आहे." आठवड्यानं ती गेली. तांब्यात उरलेलं पाणी मी त्याच दुपारी पिऊन पाहिलं होतं. तोंडात धरवत नव्हतं.

आईचे दिवस झाल्यावर दादांनी वाडीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, समुद्रापासून जमेल तेवढ्या लांब, नवा खड्डा खणायला घेतला. मी म्हणालो नाही की नका खणू. दोन गडी लावले, स्वतः उतरले, त्या वयात. बारा-तेरा दिवसांनी पाणी लागलं. मी बोळिंजकडून कामावरून येत होतो, संध्याकाळचे पाच वाजले असतील. दादा ओटीवर बसले होते, पाय चिखलानं भरलेले, हातात वाटी. त्यात गढूळ पाणी निवळत ठेवलं होतं. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मागच्या चार वर्षांत त्यांनी मला काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

"बघ जरा," ते म्हणाले.

मी पायऱ्यांवरच बसलो. घोट घेतला, घोळवला. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, डॉक्टर पुस्तकाची पानं उलटत असताना मागे बसून पाहत असतील तसेच. गोड आहे म्हणावं, असं मनात येऊन गेलं. ते सोपं होतं, आणि त्यांनी ते मान्यही केलं असतं. मी घोट थुंकलो.

"खारट आहे, दादा. आधीच्यापेक्षा कमी, पण आहे. वेलींना नाही चालायचं."

त्यांनी वाटी घेतली, अंगणात उपडी केली. जमिनीनं पाणी शोषून घेईपर्यंत तिकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी गड्यांना बोलावून खड्डा बुजवायला सांगायचं, एवढंच बोलले. मी आत जायला उठलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "उद्या कुठे जायचंय तुला?"

"निर्मळला. तिथल्या तीन विहिरी आहेत."

"लांब आहे," ते म्हणाले. "मग लवकर जेवून घे."